अनोळखी रंगांचा शौक

कुणाला पानाचा शौक असतो, कुणाला कबुतरांचा, कुणाला मुशायऱ्यांचा. आम्हाला तीन शौक आहेत आणि तिन्ही वाचनाचेच आहेत. सकाळच्या चहाबरोबर विज्ञानाच्या बातम्या, दुपारी विज्ञानाचा इतिहास आणि रात्री घरातले दिवे मालवले की गूढाच्या, भयाच्या, अद्भुताच्या गोष्टी. पहिले दोन शौक लोक समजून घेतात. चौतीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस निवृत्तीनंतर दुसरे काय वाचणार, असे म्हणून सोडून देतात. तिसऱ्यापाशी मात्र अडतात. आमच्या बेगमसाहेबा तर आल्यागेल्या पाहुण्यांना सांगतात, "जन्मभर पोरांना शिकवलं की भूत नसतं, आणि स्वतःला मात्र भुताशिवाय झोप येत नाही!" पाहुणे हसतात. आम्हीही हसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे तीन शौक एका डोक्यात कसे नांदतात, याचा हिशेब कधीतरी मांडावा असे बरेच दिवस मनात होते. वाचकहो, तो आज मांडतो.

या शौकांची मुळे आमच्या घरातच आहेत. अब्बा बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात घरटी एक माणूस तरी बोटीवर असायचाच. इतरांच्या पेट्यांतून ट्रान्झिस्टर, अत्तराच्या बाटल्या, विलायती कापड निघे. अब्बांच्या पेटीतून या जिनसांबरोबर बोटीवरच्या अधिकाऱ्यांनी वाचून टाकलेली इंग्रजी पुस्तके आणि मासिके निघत. अब्बांना स्वतःला इंग्रजी येत नव्हते. "छापलेलं आहे, समुद्रात कशाला टाकायचं?" एवढाच त्यांचा विचार. त्या ढिगाऱ्यात आम्हाला एकीकडे विज्ञानाची मासिके मिळाली, दुसरीकडे फाटक्या मुखपृष्ठांचे भयकथांचे संग्रह. गावच्या वाचनालयात नारायण धारपांच्या कादंबऱ्या होत्या, त्यांना सतत वेटिंग असे. आणि घरात नानी होती.

नानीला अक्षर ओळखता येत नव्हते, पण अमीर हम्जाच्या दास्तानी तिला तोंडपाठ होत्या. तिलिस्म, जादूगार, अय्यार, बोलणारे पक्षी, पाताळात उतरणारे जिने. ऐकताना आमच्या अंगावर काटा यायचा. पण किस्सा संपला की नानी पदर सावरून न चुकता म्हणायची, "झूठ-सच रावी की गर्दन पर." म्हणजे खऱ्याखोट्याचा भार सांगणाऱ्याच्या मानेवर, ऐकणाऱ्याने मजा घ्यावी आणि झोपावे. दास्तान सांगणाऱ्यांची ही जुनी रीत. लहानपणी त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता. पुढे आयुष्यभर तेच उपयोगी पडले.

पीएच.डी.साठी आम्ही वर्णपटाचा विषय घेतला. कोणतेही मूलद्रव्य तापवून वायुरूप केले आणि त्याचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या रेषा दिसतात. सोडियमच्या पिवळ्या रेषा सोडियमच्याच. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असावा तसा हा द्रव्याचा ठसा. त्यामुळे कोट्यवधी मैलांवरच्या ताऱ्यात काय आहे ते इथे बसून सांगता येते. पण समजा, एखादी रेषा अशी दिसली की जिचा धनी कुणी सापडतच नाही? आमच्या तिन्ही शौकांचा उगम या प्रश्नात आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. जान्सेन हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ त्यासाठी गुंटूरला येऊन राहिला होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात सोडियमच्या जवळ, पण सोडियमची नव्हे, अशी एक पिवळी रेषा त्या ग्रहणात आणि त्यानंतरच्या निरीक्षणांत लक्षात आली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच सूर्यज्वालांचा वर्णपट घेतला आणि ही रेषा पृथ्वीवर ठाऊक नसलेल्या एका द्रव्याची असावी असे पुढे मांडले. त्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले गेले. पुष्कळांनी शंका घेतली. जे कुणी हाताळलेले नाही, ज्याचा थेंब नाही की कण नाही, त्याचे अस्तित्व एका रेषेवरून कसे मानायचे? १८९५ साली रॅम्झेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा दिसली. सत्तावीस वर्षे हेलियम हे जवळजवळ कथेतले पात्र होते. नंतर ते फुग्यात भरले जाऊ लागले.

आमच्या कोकणात ही गोष्ट निराळ्या रीतीने सांगतात. विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लॉकियरने १८६८ चे ग्रहण त्या ओट्यांवरून पाहिले आणि हेलियमचा शोध तिथेच लागला, अशी समजूत आहे. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. मुलांना घेऊन आम्हीही त्या किल्ल्यावर अनेकदा गेलो आहोत आणि दरवेळी ओट्यावर उभे राहून त्यांना सांगितले आहे की १८६८ च्या त्या ऑगस्टमध्ये लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. विजयदुर्गला तो आला तो १८९८ च्या जानेवारीत, दुसऱ्या एका ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही गेले होते. हे ऐकून एकदा एक स्थानिक गृहस्थ रागावले. "सर, आमच्याकडे होतं काय एवढं? तेही तुम्ही घेता?" त्यांचे दुःख आम्हाला कळले. म्हणून आम्ही त्यांना बसवून १८९८ ची हकिकत सांगितली. किल्ल्यात दुर्बिणी मांडल्या गेल्या, आरमाराची माणसे मदतीला होती, आपल्या कोकणच्या आभाळात खग्रास ग्रहण घडले. खरी गोष्टही काही कमी रंगतदार नाही. जाताना ते म्हणाले, "हे कुणी सांगितलंच नव्हतं." इतिहासाचा शौक असा आहे. एका हाताने तो काढून घेतो, पण दुसरा हात रिकामा ठेवत नाही.

हेलियमचे नशीब चांगले. प्रत्येक अनोळखी रेषेचे तसे नसते. १८६४ साली हगिन्सला एका तेजोमेघात हिरवी रेषा दिसली. तिच्या धन्याला नेब्युलियम असे नाव मिळाले. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात दुसरी एक हिरवी रेषा दिसली, तिच्यासाठी कोरोनियम आले. ही दोन्ही नवी द्रव्ये अनेक वर्षे ग्रंथांतून वावरली. १९२७ साली बोवेनने दाखवले की नेब्युलियम म्हणजे आपला नेहमीचा ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आणि इतक्या विरळ जागी की तशी स्थिती प्रयोगशाळेत सहसा साधत नाही. १९४० च्या सुमारास कोरोनियमही उलगडले. ते निघाले लोखंड, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणजे नवे द्रव्य मिळाले नाही, पण सूर्याचे प्रभामंडल त्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी तप्त आहे हे नवे कोडे मिळाले.

आणि एक तिसरी तऱ्हा. १९०३ साली फ्रान्समधल्या नान्सी शहरात ब्लाँद्लो या नामवंत भौतिकशास्त्रज्ञाने 'एन-किरण' जाहीर केले. अंधाऱ्या खोलीत अंधुक ठिणगी किंचित उजळली की एन-किरण आले असे समजायचे. डझनावारी शास्त्रज्ञांना ते दिसू लागले. १९०४ साली अमेरिकेचा वुड पाहायला आला. अंधारात त्याने उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला. लोलकाशिवाय तो प्रयोग होणेच अशक्य होते. तरी ब्लाँद्लो पहिल्यासारखीच मोजमापे सांगत राहिला! तो लबाड नव्हता. त्याला खरोखरच दिसत होते. माणूस अंधारात फार वेळ टक लावून बसला की त्याला हवे ते दिसू लागते.

तेव्हा आमच्या कपाटाला तीन खण आहेत. जे अनोळखी दिसते ते कधी खरोखर नवे असते, कधी ओळखीचेच असते पण अनोळखी अवस्थेत, आणि कधी ते आपल्या डोळ्यांतच असते, बाहेर नसते. दिसल्याबरोबर कोणता खण हे कुणालाच सांगता येत नाही, भल्याभल्यांनाही नाही. त्यासाठी थांबावे लागते.

सकाळच्या बातम्या आम्ही या तीन खणांवर नजर ठेवून वाचतो. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली की जिनिव्हाजवळून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचले. आइन्स्टाइन खोटा ठरला म्हणून वर्तमानपत्रे नाचली. एक जुना विद्यार्थी फोनवर म्हणाला, "सर, आता सगळं पुन्हा शिकायचं?" आम्ही म्हटले, "वर्षभर थांब." २०१२ साली कारण सापडले, त्यात मुख्य म्हणजे प्रकाशतंतूची नीट न बसलेली एक जोडणी. जुलै २०२३ मध्ये कोरियातून साध्या तापमानाला अतिवाहक होणाऱ्या पदार्थाची बातमी आली. काही आठवड्यांतच कळले की विरोध एकदम घटतो तो पदार्थात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. हा दुसरा खण. आणि १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांनी टिपलेली गुरुत्वलहर! चार किलोमीटर लांबीच्या बाहूत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक. ती मंडळी महिनोन्महिने तपासत बसली आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला मगच बोलली. हा पहिला खण. असेच एक यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायचे ठरले असून २०२३ साली केंद्र सरकारने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. ही बातमी आम्ही बेगमसाहेबांना दोनदा वाचून दाखवली.

आता रात्रीचा शौक. ज्या १९२७ साली बोवेनने नेब्युलियमचे कोडे सोडवले, त्याच साली अमेरिकेतल्या एका मासिकात लव्हक्राफ्टची एक कथा छापून आली. एका शेतकऱ्याच्या विहिरीशेजारी उल्का पडते. विद्यापीठाचे प्राध्यापक तिचा तुकडा नेऊन वर्णपटदर्शकाखाली धरतात आणि त्यांना कोणत्याही ज्ञात रंगाशी न जुळणारे पट्टे दिसतात. पुढे तो रंग विहिरीत उतरतो, झाडांत शिरतो, जनावरांत शिरतो, माणसांना पोखरतो. तो कोण, कशासाठी आला, हे शेवटपर्यंत कळत नाही. अब्बांच्या पेटीतल्या एका संग्रहात ही कथा आम्ही विद्यार्थिदशेत वाचली, तेव्हा अंगावर आलेला काटा अजून आठवतो. ज्या उपकरणावर आमचा सगळा भरवसा, तेच उपकरण हात टेकते, याहून भयंकर ते काय? या लव्हक्राफ्टला लहानपणापासून खगोलशास्त्राचे वेड. तरुणपणी तो गावातल्या वर्तमानपत्रांत आकाशावर लेख लिहीत असे. त्याच्या मनात परक्या वंशांच्या माणसांबद्दल घाण भरलेली होती, हेही सांगितले पाहिजे. ती त्याच्या लिखाणात जागोजागी दिसते आणि आमच्यासारख्यांना तो आपल्या ओसरीवरही चढू देता ना. पण विहिरीतला तो रंग त्याने अचूक पाहिला होता.

आपल्याकडेही हे नाते नवे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, आणि बक्षीस मिळवले. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, पण गोष्ट सांगताना त्याने आपले नाव बाजूला ठेवले. गोष्ट शास्त्रज्ञ म्हणून मान्य करू नका, गोष्ट म्हणून वाचा, असेच जणू त्यांना म्हणायचे होते. आमची नानी हेच वेगळ्या शब्दांत म्हणायची.

आता, या सगळ्याचा व्यवहारात उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोगासाठी आम्ही शौक केले नाहीत. पण एकदा तो झाला, तेवढे सांगतो.

आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी बारावीला होती. घरात ती पहिलीच विज्ञान शाखेला गेलेली. डिसेंबरपासून तिला रात्री त्रास सुरू झाला. पहाटे डोळे उघडत, पण हात हलत नसे, जीभ वळत नसे. दारात कुणीतरी काळे उभे आहे असे दिसे. मग ते जवळ येई आणि छातीवर बसे. दोनचार मिनिटांत सगळे निवळे, पण पोरगी घामाने भिजलेली. मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली. शेजारच्या तालुक्यातल्या एका आमिलबाबाचे नाव पुढे आले. त्याने निरोप दिला, मुलीला चाळीस दिवस इकडे ठेवा, अभ्यास पूर्ण बंद. चाळीस दिवस म्हणजे परीक्षा गेलीच. आणि एकदा सुटलेली शाळा आपल्या मुलींना पुन्हा सहसा मिळत नाही, हे कुणी सांगायला नको. बहिणीचा रडत फोन आला, "भाईजान, मला काही सुचत नाही."

आम्ही गेलो. पोरगी गप्प होती. दोन तऱ्हेची माणसे तिला भेटून गेली होती. एक ऐकून लगेच मानणारी, दुसरी ऐकून हसणारी. तिला दोघांचीही भीती वाटत होती. आम्ही तिला शेजारी बसवले आणि एखाद्या गोष्टीचे पुढचे प्रकरण विचारावे तसे विचारत गेलो. तो दाराच्या कोणत्या बाजूला उभा असतो? चेहरा दिसतो का? तू उताणी झोपलेली असतेस की कुशीवर? आदल्या रात्री किती वाजेपर्यंत जागलीस? ती सांगत गेली. मग आम्ही तिला मोपासाँची गोष्ट सांगितली. फ्रान्समधला हा लेखक. १८८७ साली त्याने लिहिले की एका माणसाच्या छातीवर रोज रात्री कुणी अदृश्य येऊन बसते, गळा आवळते, आणि त्याला ओरडताही येत नाही.

ती एकदम म्हणाली, "मामू, म्हणजे हे दुसऱ्या कुणालाही होतं?"

"हजार वर्षांपूर्वीही होत होतं," आम्ही म्हटले आणि तिला बुखाऱ्याच्या अखवैनीची हकिकत सांगितली. दहाव्या शतकातला हा हकीम. त्याने फारसीत वैद्यकाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात याच त्रासाचे, काबूसचे, वर्णन केले. त्याने जिनाला दोष दिला नाही. पोटातली वाफ मेंदूकडे चढते म्हणून असे होते, असे तो म्हणतो. वाफेचे काही आज टिकलेले नाही, पण कारण त्याने शरीरात शोधले. आज आपल्याला माहीत आहे की स्वप्नांच्या झोपेत मेंदू अंगाचे स्नायू ढिले सोडतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच पळत सुटेल. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. स्वप्नाचा एखादा तुकडाही डोळ्यांसमोर राहून जातो. जागरण झाले, उताणे झोपले की हे जास्त होते.

"मग तो दारातला माणूस खोटा?"

"तुला दिसला, यात खोटं काही नाही," आम्ही म्हटले. "पण तो दारात नव्हता. तुझंच स्वप्न होतं, जागेपणी राहिलेलं. ओळखीची वस्तू, अनोळखी अवस्थेत." आणि तिला कोरोनियमची गोष्ट सांगितली. ती पहिल्यांदा हसली.

फिट येत नाहीत ना, याची खात्री करायला दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, विचारपूस केली आणि झोपेचेच कारण सांगितले. रात्री अकराला दिवा बंद, हा औषधोपचार. आम्ही तिला एक वही दिली. झाले की तारीख, वेळ, कूस आणि झोपेचे तास लिहायचे. आमिलबाबाकडे जाणे टळले. त्रास लगेच थांबला नाही. परीक्षेपर्यंत आणखी तीनदा झाला. तीनही नोंदी वहीत आहेत. तिसऱ्या नोंदीपुढे तिने लिहिले होते, 'या वेळी घाबरले, पण मोजत होते. अंदाजे दीड मिनिट.' बहिणीने तिच्या उशाखाली तावीज ठेवला होता. त्याच उशाखाली वही होती. आम्ही तावीजाबद्दल काही बोललो नाही, बहीण वहीबद्दल काही बोलली नाही. मुलीने परीक्षा दिली, पास झाली आणि पुढे शिकायला गेली.

आम्ही नुसते भौतिकशास्त्रच वाचले असते, तर त्या दिवशी तिला स्नायूंचे सांगून मोकळे झालो असतो आणि तिने ते ऐकले नसते. कारण जे तिला दिसले त्याला आमच्या बोलण्यात जागा उरली नसती. भयकथा वाचणाऱ्याला काळ्या आकृतीची हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेण्याची सवय असते. न हसता, आणि न मानता. आमिलबाबाही ऐकतोच, पण तो रावीच्या मानेवरचा भार उचलून ऐकणाऱ्याच्या मानेवर ठेवतो आणि वर पैसे घेतो. नानीच्या आणि त्याच्या गोष्टींत हाच फरक.

विश्वात आजही अनोळखी रेषा आहेत. दीर्घिका ज्या वेगाने फिरतात त्याला त्यांतले दिसणारे द्रव्य पुरत नाही. म्हणून न दिसणारे, दिसणाऱ्याच्या सुमारे पाचपट द्रव्य असावे असे मानतात. त्याला कृष्णद्रव्य म्हणतात. १९३३ साली झ्विकीने ही शंका काढली, १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांच्या मोजमापांनी ती पक्की केली. त्याचा एक कणही अजून कुणाच्या हाती आलेला नाही. ते हेलियम आहे की कोरोनियम, की आपल्या समीकरणांतच लोलक हरवला आहे? आमच्या हयातीत हे कळेलच असे नाही. तोवर सकाळी बातमी आली का ते पाहतो, दुपारी जुने ग्रंथ चाळतो. आणि रात्री बेगमसाहेबा "दिवा मालवा आता" म्हणेपर्यंत एखाद्या विहिरीच्या काठावर बसून आत डोकावत असतो.